आजारी झाडांची शुश्रूषा आणि गावाचे श्रमदान

बीड शहराजवळील पालवण येथील माळावर १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी एक आगळे संमेलन भरले होते. ते वृक्षांचे संमेलन होते आणि त्याचे अध्यक्षपद कोणा साहित्यिकास अथवा पुढाऱ्यास न देता वडाच्या झाडास देण्यात आले होते. अध्यक्षांनी भाषण केले नाही हे सांगावयास नकोच. वन विभागाच्या ताब्यातील या उजाड माळावर चित्रपट अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप व त्यांचे सहकारी यांनी ‘सह्याद्री देवराई’ या नावाने स्थानिक जातींची झाडे लावून वाढविण्याचे काम त्यापूर्वीच हाती घेतले होते. मुरमाड जमीन, तुटपुंजे पाणी व मोकाट चराई अशा स्थितीतही माळ हिरवा करता येतो हे पाहण्यासाठी जिल्ह्यातील अनेक शाळांची मुले तेथे आली. याच माळाला वणव्याची झळही लागलेली आहे, आणि पालवणचा धडा सांगताना ती बाजू वगळून चालणार नाही. झाड लावण्याचे काम एका दिवसाचे आहे. ते राखण्याचे काम काही वर्षांचे आहे, आणि खरी मनुष्यबळाची गरज या दुसऱ्या कामाला लागते.

आपल्याकडे लागवडीचा उत्साह नवा नाही. वनमहोत्सवाची प्रथा १९५० सालापासून चालत आलेली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी व २०१९ साली ३३ कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. खड्डे व रोपे यांचे आकडे अशा वेळी अगत्याने मोजले जातात. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती रोपे उभी आहेत, आणि गावच्या पारावरचा शंभर वर्षांचा पिंपळ का वाळत चालला आहे, याची विचारपूस मात्र तितक्या अगत्याने होत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कामाची माहिती दिली आहे.

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १०,७०० चौरस किलोमीटर आहे, व त्यापैकी वनाच्छादित भाग शेकडा ३ पेक्षाही कमी आहे. बालाघाटच्या रांगा जिल्ह्याच्या मधून गेलेल्या आहेत. त्यांच्या उतारांवरील माती जागोजागी धुपून खाली मुरूम उघडा पडला आहे. आष्टी, पाटोदा व शिरूर कासार या पश्चिमेकडील तालुक्यांत पाऊस कमी व लहरी असतो. १९७२ चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ हे दुष्काळ तर तरुणांनीही पाहिले आहेत. अशा प्रत्येक दुष्काळात विहिरी आटतात, गुरे छावणीत जातात, आणि कोणाच्याही हिशेबात न धरलेली हजारो झाडे मुळाकडून खचतात. त्यांतील पुष्कळशी त्याच वर्षी मरत नाहीत. दोन-तीन वर्षांनी, चांगला पाऊस झालेला असतानाही ती वाळू लागतात, आणि मग लोकांना कारण उमगत नाही.

आजार ओळखणे

पानगळ म्हणजे मरण नव्हे, हे प्रथम ध्यानात ठेवावे. पळस, सालई, पांगारा, धावडा ही झाडे उन्हाळ्याच्या तोंडाशी पाने टाकतात ती पाणी वाचविण्यासाठी. फाल्गुन-चैत्रात निष्पर्ण दिसणारे झाड ‘वाळले’ असे समजून तोडल्याची उदाहरणे कमी नाहीत. शंका असल्यास बोटाएवढ्या जाडीच्या फांदीवरील साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवट व ओलसर थर दिसल्यास फांदी जिवंत आहे. थर तपकिरी व कोरडा असल्यास त्याखालच्या जाड फांदीवर हीच परीक्षा करावी, आणि असे करीत खोडापर्यंत यावे.

खरोखर आजारी झाडाची लक्षणे निराळी असतात. पाने नेहमीपेक्षा लहान व विरळ येतात, शेंडे वरून खाली वाळत येतात, खोडावर व जाड फांद्यांवर अवेळी कोवळे धुमारे फुटतात, सालीतून डिंक अथवा काळसर पाणी झिरपते, बुंध्याशी छत्रीसारख्या किंवा फळीसारख्या अळंब्या दिसू लागतात. शेंडा वाळणे हे बहुधा मुळाच्या दुखण्याचे चिन्ह असते. म्हणून वाळलेल्या शेंड्याकडे पाहून फवारणीचा पंप आणण्यापूर्वी झाडाच्या पायाशी काय घडले आहे ते पाहावे. गेल्या दोन-तीन वर्षांत तेथे चर खणला गेला काय, नळाची पाईप गेली काय, भराव पडला काय, फरशी बसविली काय, हे विचारल्यास दहापैकी अनेक प्रसंगी उत्तर तेथेच सापडते.

सर्वच दुखणी मुळाची नसतात हेही खरे. मराठवाड्यास लागून असलेल्या तेलंगणात २०२१ साली कडुनिंबाची झाडे मोठ्या प्रमाणावर शेंड्याकडून करपली. फोमॉप्सिस नावाची बुरशी व कोकणात काजूवर पडणारा ढेकण्या या नावाने ओळखला जाणारा रस शोषणारा कीटक ही त्याची कारणे सांगण्यात आली. लोक घाबरले, तथापि पुष्कळ झाडांना पुढे नवी पालवी फुटली. यावरून एवढे घ्यावे की, कडुनिंब करपलेला दिसताच त्याच्यावर कुऱ्हाड चालवू नये. वाळलेले शेंडे काढून जाळावेत, झाडास पाणी द्यावे व निदान एक पावसाळा वाट पाहावी.

बांडगुळाचा उपद्रव आंबा व इतर अनेक झाडांवर आढळतो. फुलटोच्यासारखे लहान पक्षी त्याची चिकट फळे खाऊन बी दुसऱ्या फांदीवर सोडतात, व तेथे ते रुजून झाडाच्या अन्नपाण्यात वाटेकरी होते. नुसते बांडगूळ ओरबाडल्याने काम होत नाही, कारण त्याची मुळी फांदीच्या लाकडात शिरलेली असते. ते जेथे चिकटले असेल त्याच्या खाली सुमारे एक फूट अंतरावर फांदी कापावी, आणि हे काम फळे पिकण्यापूर्वी करावे.

गावातील व शहरातील झाड

बीड, अंबाजोगाई, परळी यांसारख्या शहरांत व मोठ्या गावांत झाड मरते ते बहुधा माणसाच्या सोयीपायी. बुंध्याला लागून सिमेंटचा ओटा किंवा फरशी घातली म्हणजे जागा स्वच्छ दिसते. पण झाडाची अन्न शोषणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांच्या थरात पसरलेली असतात व त्यांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. फरशीखाली ती हळूहळू गुदमरतात. स्वयंसेवकांनी नगरपरिषदेची अथवा ग्रामपंचायतीची संमती घेऊन बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी करावी. सिमेंट फोडताना पहारीचा घाव मुळावर बसणार नाही याची काळजी घ्यावी, आणि मोकळ्या झालेल्या जागेत कुजलेले शेणखत व पालापाचोळा यांचा पातळ थर द्यावा. जागा जास्तच टणक झाली असल्यास फांद्यांच्या घेराच्या कडेने दोन-दोन फुटांवर पहारीने हात-दीड हात खोल भोके पाडून त्यांत वाळू व खत भरावे. हवा व पाणी खाली जाण्यास एवढा मार्ग पुरतो. पाराचे दगडी बांधकाम जुने असल्यास ते मोडण्याची गरज नाही. पार बांधणाऱ्यांनी दगडांच्या फटी ठेवल्या होत्या, आणि त्या फटींतून मुळांना श्वास मिळत होता. नव्या गिलाव्याने त्या बुजविल्या असतील तर तेवढ्या मोकळ्या कराव्यात.

दुसरा उपद्रव खिळ्यांचा व तारांचा. जाहिरातीचे फलक, दुकानांच्या पाट्या, मंडपाच्या दोऱ्या, वीजदिव्यांच्या माळा यांसाठी रस्त्याकडेचे झाड हा फुकटचा खांब ठरला आहे. झाडाची साल हे नुसते कवच नव्हे. तिच्या आतील थरातून पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे जाते; त्याच्या आतील लाकडातून मुळांचे पाणी वर चढते. खिळ्याने या वाटा जागोजागी तुटतात व बुरशीला दार उघडते. तारेचा फास त्याहून घातक असतो. खोड जाड होत जाते तशी तार सालीत रुतते, अन्नाची वाट सर्व बाजूंनी बंद होते व मुळे उपाशी राहून झाड दोन-चार वर्षांत मरते. पुणे व पिंपरी-चिंचवड येथे ‘अंघोळीची गोळी’ अशा गमतीच्या नावाच्या संस्थेने २०१८ पासून झाडांचे खिळे काढण्याची मोहीम चालविली, व तिचे अनुकरण अन्यत्रही झाले. हे काम चार-सहा तरुणांना रविवारच्या सकाळी सहज करता येते. खिळा पकडीने सरळ ओढावा. तो वाकवून हलवू नये, कारण त्याने जखम मोठी होते. खिळा पूर्णपणे लाकडात गडप झाला असेल तर खोदून काढण्याच्या भरीस पडू नये. तार रुतलेली असल्यास ती जागोजागी तोडून सुटी करावी. न निघणारे तुकडे राहू द्यावेत.

झाडाच्या जखमेविषयी एक जुना समज अद्याप टिकून आहे. ढोलीत सिमेंट भरणे, डांबर ओतणे, मोठ्या जखमेवर तेलरंग फासणे हे पूर्वी शास्त्रशुद्ध मानले जाई. आता ते तसे मानले जात नाही. माणसाची जखम भरून येते तशी झाडाची येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत उभारते व बाहेरून नवे लाकूड चढवून तो भाग कोंडून टाकते. ढोली कोरून सिमेंट भरताना नेमकी हीच भिंत फुटते. शिवाय सिमेंटच्या मागे ओल साचून कूज वाढते. म्हणून ढोलीतील कचरा व दारूच्या बाटल्या हाताने काढाव्यात आणि पुढे ती तशीच राहू द्यावी. पिंगळा व पोपट यांना तिचा उपयोग असतो.

धोकादायक फांदी काढणे भागच असेल तर ती तीन छेदांत काढावी. पहिला छेद खोडापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने, फांदीच्या एक-तृतीयांश जाडीपर्यंत द्यावा. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून द्यावा, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. उरलेला खुंट तिसऱ्या छेदाने, फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो त्याच्या बाहेरून कापावा. कंगोरा कापू नये, कारण जखमेवर नवी साल तेथूनच चढते. विजेच्या तारांजवळच्या फांद्यांना स्वयंसेवकांनी हात लावू नये. ते काम महावितरणच्या माणसांचे आहे. शाळेच्या मुलांना झाडावर चढविण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.

रस्त्याकडेच्या वडा-कडुनिंबांची गोष्ट वेगळी आहे. जिल्ह्यातून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गाच्या चौपदरीकरणात जुन्या वृक्षांच्या रांगांपैकी पुष्कळ नाहीशा झाल्या. अशा प्रसंगी झाड उपटून दुसरीकडे लावण्याचा उपाय हमखास सुचविला जातो. वड, पिंपळ, उंबर ही झाडे नवी मुळे लवकर धरतात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत यशाची आशा असते. खोल सोटमुळाच्या मोठ्या झाडांच्या बाबतीत ती फार थोडी असते. त्यातही काही महिने आधीपासून मुळे टप्प्याटप्प्याने छाटून मातीचा गड्डा तयार करावा लागतो, व हलविल्यावर दोन-तीन वर्षे पाणी द्यावे लागते. एका रात्रीत यंत्राने उपटून ट्रकवर घातलेले झाड जगले तर तो योगायोग समजावा. रस्त्याची आखणी होत असतानाच झाड वाचविण्याचा आग्रह धरणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

माळावरील झाड

डोंगरउतारावरील झाडांस तीन गोष्टी खचवितात : वणवा, शेळ्यांसाठी होणारी तोड, आणि उघडा पडलेला मुरूम.

वणवा बहुतेक वेळा शेताच्या बांधावरून सुरू होतो. हंगाम संपल्यावर बांधावरील गवत जाळण्याची रीत आहे. ती आग वाऱ्याने माळावर जाते आणि गुडघाभर वाळलेल्या गवतातून तासाभरात अनेक वर्षांची मेहनत खाऊन टाकते. मोठी झाडे वरून वाचलेली दिसली तरी त्यांच्या बुंध्याची साल एका बाजूने शिजते व पुढे तेथूनच कूज व वाळवी शिरते. यावर उपाय जाळरेषेचा. माघ महिना लागण्यापूर्वी लागवडीच्या सभोवती तीन-चार मीटर रुंदीचा पट्टा गवत कापून व झाडून मोकळा करावा. कापलेले गवत गुरांसाठी न्यावे. माळाच्या मालकाची अथवा वन विभागाची त्यास बहुधा हरकत नसते, मात्र आधी विचारावे. बांध जाळणे बंद व्हावे हे उत्तम. ते न जमेल तेथे शेतकऱ्याने निदान शेजाऱ्यास वर्दी देऊन, वारा पडलेला असताना, पाण्याची घागर व हिरवी डहाळी हाताशी ठेवून ते करावे. झाडाच्या बुंध्याभोवती दोन हातांचे आळे गवतविरहित ठेवणे हे काम मुलेही करू शकतात.

शेळ्यांचा प्रश्न केवळ दंडाने सुटणारा नाही. दुष्काळात बाभूळ, बोर, हिवर यांचा पाला हाच गरिबाच्या शेळीचा आधार असतो, आणि त्याला मज्जाव करणारी समिती गावात टिकत नाही. पाला कसा काढावा एवढे ठरविता येते. एका वर्षी झाडाच्या एक-तृतीयांशाहून जास्त फांद्या काढू नयेत, शेंडा राखावा, कोयत्याने फांदी ओढून फाडू नये, आणि एकदा छाटलेल्या झाडास पुढील दोन वर्षे सोडावे. मेंढपाळ व शेळीवाले यांना समितीत घेतल्यास हे नियम पाळले जातात. माळावर सर्वांत जास्त वेळ तेच असतात व वणव्याचा धूर प्रथम त्यांनाच दिसतो.

शेळी काय खात नाही याचाही उपयोग करून घ्यावा. सीताफळाचा पाला ती खात नाही; निरगुडी व घायपात यांनाही सोडून देते. बालाघाटच्या उतारांवर सीताफळ आपोआप वाढते. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून अंबाजोगाई येथे सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. लागवडीच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी सीताफळ, घायपात व निरगुडी यांच्या लावून आतल्या बाजूस वड, पिंपळ, बेहडा, करंज, आपटा, खैर, पळस यांची रोपे ठेवल्यास कुंपणाचा खर्च पुष्कळ वाचतो, व सीताफळाचे उत्पन्न राखणदारास मिळू शकते. गिरिपुष्पासारखी बाहेरची झाडे लवकर वाढतात व म्हणून ती पूर्वी पुष्कळ लावली गेली. परंतु नुसत्या गिरिपुष्पाने माळ हिरवा दिसला तरी पाखरांना फळ व मधमाशीला वर्षभर फूल मिळत नाही. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांचे अभयारण्य आहे. मोराला आडोसा व दाणा लागतो, आणि तो बोरी-बाभळींच्या मिश्र झुडपांतच मिळतो.

धुपलेल्या उतारावर मोठ्या झाडाची मुळे उघडी पडलेली दिसतात. त्यांवर मातीचा ढीग टाकणे चुकीचे आहे. उताराच्या खालच्या बाजूस दगडांचा अर्धचंद्राकृती बांध घालावा, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर येणारी माती व पाला तेथे अडून मुळे हळूहळू झाकली जातात. याच बांधामुळे पाणीही मुरते.

टोळी जाते तेव्हा

बीड जिल्ह्यातील वृक्षसंवर्धनाची कोणतीही योजना ऊसतोडीचे वेळापत्रक बाजूस ठेवून आखता येत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडील कारखान्यांवर जातात, ती गाळप संपल्यावर, बहुधा मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही गावांत या काळात म्हातारी माणसे व शाळकरी मुले एवढीच उरतात. आषाढात मोठ्या हौसेने ज्यांनी रोपे लावली तेच हात कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत गावात नसतात. गवत वाळते, कुंपण मोडते, शेळ्या आत शिरतात व वणवा लागतो तोही याच काळात. उन्हाळ्यात पाणी न मिळाल्याने रोपे मेली असे नंतर सांगितले जाते. पुष्कळदा ती उन्हाळा लागण्यापूर्वीच गेलेली असतात.

म्हणून टोळ्या निघण्यापूर्वीचे पंधरा दिवस हे खरे महत्त्वाचे होत. या पंधरवड्यात प्रत्येक रोपाचे आळे साफ करून त्यावर आच्छादन घालावे. सोयाबीनचे भुसकट, वाळलेले गवत, उसाचे पाचट यांपैकी जे मिळेल ते चार बोटे जाडीने पसरावे, मात्र खोडापासून वीतभर अंतर मोकळे ठेवावे, म्हणजे वाळवी खोडास लागत नाही. परतीच्या पावसाची ओल अशा आच्छादनाखाली अधिक दिवस टिकते. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण त्याच वेळी दुरुस्त करावे. त्यानंतर मागे राहणाऱ्या माणसांपैकी कोण कोणती रोपे पाहणार हे नावानिशी ठरवावे. ‘सर्वांनी लक्ष ठेवावे’ या ठरावाचा अर्थ कोणीही लक्ष ठेवू नये असाच होतो. एका म्हाताऱ्या माणसाकडे दहा रोपांहून जास्त देऊ नयेत.

टोळ्या परतल्यावर सर्वांत कडक अडीच महिने समोर असतात आणि सुदैवाने तेव्हा हात मोकळे असतात. या दिवसांत श्रमदान होत नाही हे म्हणणे बरोबर नाही. २०१६ साली पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई हा एक होता, आणि गावकऱ्यांनी भर उन्हाळ्यात पहाटे व सायंकाळी चर व बांध खणले. झाडांच्या राखणीस स्पर्धा नसते व ढाल मिळत नाही. त्यामुळे काम थोडे पण नेमाचे ठेवावे लागते.

पाण्याचा हिशेब लागवडीपूर्वीच मांडावा. दर रोपास आठवड्यास १० लिटर पाणी धरले तर १०० रोपांस आठवड्यास १,००० लिटर, म्हणजे २०० लिटरची ५ पिंपे लागतात. एप्रिलच्या आरंभापासून जूनच्या मध्यापर्यंत ११ आठवडे धरल्यास एकूण ११,००० लिटर पाणी होते. हे एका बैलगाडीचे व पाच-सहा माणसांचे काम आहे. १,००० रोपे लावली तर हेच पाणी दहापट होते आणि टँकरवर अवलंबून असलेल्या गावात ते मागण्याची कोणास हिंमत होत नाही. ज्या गावास १०० रोपे तीन उन्हाळे जगविता येतात त्याने १०० च लावावीत. छायाचित्रासाठी आकडा वाढवू नये. बुडास बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घातलेले मडके रोपापासून हातभर अंतरावर पुरल्यास पाणी मुळाशी झिरपते व वाया जात नाही. आंघोळीचे व भांडी धुतल्याचे पाणीही, साबण फार नसल्यास, घराजवळच्या रोपास चालते.

मोठ्या खचलेल्या झाडास पाणी द्यावयाचे असल्यास ते बुंध्याशी ओतू नये. फांद्यांचा घेर जेथे संपतो तेथे माती ओढून वर्तुळाकार वरंबा करावा व आतल्या पट्ट्यात सावकाश पाणी सोडावे. दुष्काळी वर्षी एप्रिल व मे महिन्यांत मिळून असे तीन-चार वेळा झाले तरी जुना वृक्ष तग धरतो.

वादळात पडलेले झाड

वळवाच्या वादळात गावचा वड किंवा पिंपळ उन्मळला म्हणजे दुसऱ्या दिवशी लाकडाचा लिलाव होतो. ही घाई करू नये. एका बाजूची मुळे जमिनीत शाबूत असतील तर झाड पुन्हा उभे करता येते. उघडी मुळे लगेच ओल्या गोणपाटाने झाकावीत. उन्हात ती एका दिवसात वाळतात. फांद्यांचा भार हलका करावा, तुटलेली मुळे करवतीने साफ कापावीत, खड्डा मोकळा करून क्रेनने झाड सावकाश उभे करावे, माती ठासून भरावी व तीन बाजूंनी टेकू द्यावेत. एक-दोन पावसाळे टेकू काढू नयेत.

वडास याहूनही सोपा आधार देता येतो. लोंबणारी पारंबी जमिनीपर्यंत आली म्हणजे तिचे खोड बनते. पण रस्त्यावर व अंगणात ती माणसे व गुरे तोडून टाकतात. पोकळ बांबू अथवा जुनी प्लास्टिकची नळी माती व खताने भरून पारंबीच्या टोकाशी उभी बांधावी व ओली ठेवावी. पारंबी तिच्यातून जमीन गाठते आणि झुकलेल्या फांदीस कायमचा खांब मिळतो. हावड्याजवळील शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने कुजल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. तो वृक्ष त्यानंतर केवळ पारंब्यांवर उभा राहून वाढत गेला आहे. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेर तालुक्यातील पेमगिरी येथेही पारंब्यांवर विस्तारलेला मोठा वड पाहावयास मिळतो.

नोंद व कायदा

नागरी भागातील झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांस वारसा वृक्ष म्हणून विशेष स्थान दिले आहे. ग्रामीण भागात १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा अधिनियम ठरावीक जातींना लागू आहे. तक्रार करावयाची ती तोंडी न करता लेखी करावी व तिची पोच घ्यावी. तोडलेल्या झाडाचा कायद्याला उपयोग नसतो, त्यामुळे झाडांची यादी आधीच तयार असणे अगत्याचे आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याखाली ग्रामपंचायतीत समिती व लोकजैवविविधता नोंदवही असते. पुष्कळ ठिकाणी ही वही कपाटात पडून असते. तिच्यात गावातील जुन्या झाडांची पाने जोडण्यास कोणाची हरकत नाही.

नोंद अशी करावी : झाडाची जात, जागा, छातीइतक्या उंचीवर दोरीने मोजलेला घेर, ढोली, वाळलेले शेंडे, खिळे, बुंध्याशी फरशी आहे किंवा नाही, आणि पाहणीची तारीख. पाहणी वर्षातून दोनदा, टोळ्या जाण्यापूर्वी व परतल्यावर करावी. घेर मोजण्याची जागा खोडावर चुन्याच्या छोट्या ठिपक्याने दाखवावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या माणसाने मोजले तरी माप त्याच ठिकाणचे येते. खूण करण्यासाठी खिळा ठोकू नये.